अकरा पावलं जास्त

डोंबिवली,
१२ नोव्हेंबर १९९७

प्रिय देवराम,

ठाण्याला तुझ्याकडे यायला मला पाऊण तास पुरला असता, तरी पत्र लिहितोय. तोंडाने सांगायची हिंमत सात वर्षांत झाली नाही, ती आज कुठून होणार? परवा मंजुळा तिची सायकल घेऊन आली. तुझी धाकटी बहीण शर्यतीत उतरतेय, पोहणं, सायकल आणि पळणं तिन्ही करणार, हे तेव्हा कळलं. पोहण्याचं म्हणशील तर खाडीकाठच्या कोळ्याच्या पोरीला मी काय शिकवणार! सायकलवर नीट बसवून दे, एवढंच तिचं मागणं होतं.

तुझ्या शर्यतीसाठी आपण सायकलवरची ती बैठक शोधत होतो तो हिवाळा आठवला. आम्ही तेव्हा मोहन्याला राहायचो. रद्दीवाल्याकडच्या परदेशी मासिकात, हँडलवर कोपरं टेकून पाठ सपाट केलेल्या एका माणसाचा फोटो मला सापडला आणि आपण वेडे झालो. विठ्ठलवाडीच्या काळुराम वेल्डरने खुर्चीचा पाइप वाकवून तसलं हँडल करून दिलं. कोपरांखाली माझी जुनी स्लिपर कापून बसवली. मग रोज सकाळी तू उतारावरून पायडल न मारता सायकल सोडायचास आणि ती थांबेल तिथे मी खडूने रेघ मारायचो. ताठ बसलास तर वडाच्या अलीकडेच थांबायची, कोपरं जवळ घेतलीस की वडाच्या पुढे. हँडल फार खाली केलं तर गुडघे पोटात जाऊन तुझा दम कोंडायचा, म्हणून सीट थोडी वर घेतली, दोन बोटं पुढे सरकवली, तेव्हा कुठे पाय मोकळे फिरले. मी सगळं वहीत लिहायचो, मोठा शास्त्रज्ञ लागून गेलो होतो.

बैठक जमली होती. तिथेच थांबायला हवं होतं. पण मान पार खाली घातलीस की सायकल अकरा पावलं जास्त जायची आणि मला त्या अकरा पावलांचा लोभ सुटला. तू म्हणालास, "मग पुढचं दिसणार कसं?" मी म्हणालो, "मी बघतो ना. उतारावरच्या तबेल्याच्या गल्लीच्या तोंडाशी शिट्टी घेऊन उभा राहतो. तू मान वर करायची नाहीस."

तबेल्याच्या गल्लीतून म्हशी रस्त्यावर आल्या तेव्हा मी तिथे नव्हतोच. तू कालची रेघ ओलांडतोस का ते बघायला खडू घेऊन खाली चाललो होतो. शिट्टी खिशात होती. म्हशीवर आदळून पडलेल्या तुला दवाखान्यात मीच नेलं, पण तिथे तुझ्या आईने, मनुबाईंनी, विचारलं तेव्हा मात्र मी सांगितलं की शिट्टी वाजवली, त्याला ऐकूच आली नाही. शुद्धीवर आल्यावर तूही तेच खरं मानलंस. कानात वारा होता, असं लोकांना सांगायला लागलास. माझ्या खोट्याला साक्षीदार तूच झालास, देवा.

शर्यत गेली ती गेली. पण खांदा पुन्हा वर गेला नाही, जाळं फेकायचा हात गेला, आणि तू ठाण्यात कुठल्याशा सोसायटीच्या फाटकावर जाऊन बसलास. मनुबाई अजून तुलाच बोल लावतात. मला मात्र दर वर्षी सुके बोंबील आणून देतात. "तू व्हतास म्हनून माजा पोर वाचला," म्हणतात. घरचे मिटक्या मारत खातात. मी पित्ताचं निमित्त सांगून हात लावत नाही. लाज वाटते रे, माझी मलाच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, कोळीवाड्यातून कुणी आलंय म्हटलं की मी मागच्या दाराने बाहेर पडतो.

काल मंजुळाची सीट, कोपरं सगळं लावत होतो. ती सहज म्हणाली, "दादाने सांगितलंय, मान खाली घाल. गल्लीवर सुधीरदादा उभा असला की भ्यायचं नाही." तू तिला माझ्या भरवशावर पाठवलंस, हे ऐकून पाना खाली ठेवला. काम अजून बाकी आहे म्हणून तिला परत पाठवलं. तेही खोटंच, सायकल तयार आहे. मनुबाईंना मी स्वतः येऊन सांगेन, ते तुझ्यावर टाकत नाही. पण रविवारी मंजुळा सरावाला त्याच उतारावर जाईल, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मी उभं राहायचं का, ते हे वाचल्यावर तू सांग.

तुझाच, अजून तसं म्हणू दिलंस तर,
सुधीर