गुरुवारी भरडायला आणलेला तांदूळ

प्रिय पंचफुला,

रविवारच्या बैठकीत आमच्या करडी गावातलं केंद्र बंद करायचा ठराव तू मांडणार, हे वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. आधी हे पूर्ण वाच. कॉलेजात माझं अर्धंच ऐकून वाद घालायचीस, तसं करू नकोस.

सुरुवातीला फजिती झाली, हे कबूल. माझ्या राइस मिलच्या आवारात तुमच्या संस्थेला खोली दिली, रंगवून घेतली, 'मानसिक आरोग्य सल्ला केंद्र, दर गुरुवारी' अशी ठळक पाटी लावली. तुम्ही पाठवलेला समुपदेशक मनिष आत एकटाच माशा मारत बसायचा. फुकट सल्ला मिळतोय तरी लोकांना यायला काय होतं, म्हणून मी चिडले. तेव्हा झाडलोट करणाऱ्या देवकाबाईनं मला ऐकवलं, "बाई, त्या दारातून कोण जाईन? एकदा आत गेली का सांजेपर्यंत गावभर होते, हिचं डोकं सरकलं म्हणून."

पाटी त्याच दिवशी काढली. मग माझं लक्ष मिलमधल्या लोकांकडे गेलं. धान भरडायला आलेला माणूस नंबर लागेपर्यंत कडुनिंबाखाली आपल्या चुंगडीवर, धानाच्या पोत्यावरच बसून राहतो. तो कशाला आला, हे कोणी विचारत नाही. धान समोर दिसतंच. मनिषलाही मी तिथेच एका चुंगडीवर बसवलं. कुरकुरला. म्हटलं, बस.

तो तुम्हाला अजून खोलीचाच अहवाल पाठवतो, खोली रिकामी म्हणून, आणि त्यावरूनच तुझा हा ठराव. खरंच आहे ते. खोलीत कोणी येत नाही, तोसुद्धा नाही!

पहिली आली रुखमा. नवरा गेल्यापासून तिला झोप नव्हती. तिनं नंबर लावला, चुंगडीचं तोंड सोडलं, तर आत पांढराशुभ्र तांदूळ. वजनकाट्यावरचा डोमा ओरडला, "अवो काकू, हे तर झालेलं हाय! आता याचं पीठ करू का?" सगळे हसले, तीही हसली, पण उठली नाही. म्हणाली, "राहू दे नंबर. मी बसतो." आणि मनिषजवळ सरकली. आता कितीतरी बाया घरातला तांदूळच चुंगडीत भरून आणतात. गुरुवारी कोणाची चुंगडी उघडून बघायची नाही, अशी डोमाला ताकीद आहे. मिलचा टेम्पो माल पोचवून रिकामा परततो, तो दूरच्या गावांतल्या बायांना घेऊन येतो. मिलमधलं कोणी मनिषजवळ जाऊन बसलं, तर त्याची मजुरी कापत नाही. मिल चालवणाऱ्या बाईला एवढं जमतं. देणगी देताना तू माझा फोटो काढून घेतेस, त्यापेक्षा हे बरं.

आमच्या ह्यांचं तुला ठाऊक आहे. चिखल्याच्या खाणीतून निवृत्त झाले आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. ताट दिलं तर जेवायचे, विचारलं तर मान हलवायचे. मी डॉक्टरांकडे चला म्हटलं की भिंतीकडे तोंड करायचे. मनिषकडे जा, असं मी म्हटलंच नाही. डोमा धान कापायला सुट्टीवर गेला, तेव्हा मी ह्यांना एवढंच म्हणाले, की गुरुवारी काट्यावर बसायला माणूस नाही. आले. काट्याला लागूनच मनिषची चुंगडी. डोमा परतला तरी ह्यांनी काटा सोडला नाही. दोघं काय बोलतात ते मी विचारत नाही, मनिषही सांगत नाही.

आता हे का लिहिते आहे ते ऐक. काल रात्री जेवताना ह्यांनी ताट सरकवलं आणि केवढ्यानं म्हणाले, "वरणात मीठ काहून नाही? सारं ध्यान मिलमधे, घरी कायले लक्ष देशील!" पंचफुला, दोन वर्षांनी माझा नवरा माझ्याशी भांडला गं! मीही सोडलं नाही, चांगली भांडले. मग स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून हसत बसले. म्हणून हे मागणं गावासाठी नाही, माझ्या घरासाठी आहे. ठराव मांडू नकोस. आत्ताच हे दारातून विचारून गेले, "कोणाले लिहून राहिली एवढं?" तुझं नाव सांगितलं. म्हणाले, "मग लिही तिले, त्या पोराले खुर्ची द्या. चुंगडीवर बसून कंबर गेली त्याची." खुर्चीचं मी बघते. पोरगा तेवढा राहू दे.

तुझीच भांडखोर,
रत्ना