सासूबाईंची अक्कलदाढ आणि माझी इच्छा

ती. मोठ्या वहिनींस, धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर धरलीय, तेव्हा अर्धाच वाकले असं समजा).

तुमचे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला? इकडे सगळे ठणठणीत, मी सोडून.

आईंनी एकदा तरी मला चांगलं म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याच ओट्याशी उभी राहून रडले होते. मी दातांची डॉक्टर, आणि आमच्या सासूबाई दात दुखला की गावाच्या दुसऱ्या टोकाला जाणार! तर गेल्या महिन्यात त्यांची अक्कलदाढ ठणकायला लागली, तो डॉक्टर नेमका बाहेरगावी, म्हणून नाइलाजाने माझ्या खुर्चीत बसल्या. दाढ काढून झाली तरी डोळे घट्ट मिटून विचारतायत, "सुरू कधी करणार?"

झालं! इच्छा पुरी झाली आणि मेले मी. तेव्हापासून आई रोज माझ्याआधी दवाखान्यात हजर. बाहेरच्या बाकावर बसून पेशंटना ती दाढ दाखवतात (डबीत कापसावर ठेवलीय, दागिना ठेवावा तशी). "माझी सून अशी काढते, कळतसुद्धा नाही!" परवा एक मास्तर नुसते दात साफ करायला आलेले, आत येईपर्यंत विचार बदलला. म्हणाले, "एखादी काढूनच टाका." चांगली दाढ काढत नाहीत हे पटवता पटवता माझा घसा बसला. बाहेर आई म्हणतात, "बघा, किती प्रामाणिक!" सून थकत नाही म्हणे, म्हणून रविवारीही पेशंट बोलावलेत. घरी ह्यांनी आमटीत मीठ जास्त पडलंय म्हटलं, तर आईंनी त्यांच्यापुढचं ताटच उचललं. आता हे माझ्याशी बोलताना आधी आई कुठे आहेत ते बघतात. वहिनी, पूर्वी भांडायला काय मजा यायची! आता मी तोंड उघडायच्या आतच जिंकलेली असते.

भाऊजींना नमस्कार.

तुमची,
धाकटी

ता. क. : आईंना दोन महिने तुमच्याकडे बोलावून घ्या ना. कारण काहीही सांगा, खोटं असलं तरी चालेल, तुम्हाला जमतं.

ता. क. २ : काल आईंना ताप होता, दवाखान्यात आल्या नाहीत. नेमकी काल मी एक महाअवघड दाढ अगदी अलगद काढली. हात धुऊन बाहेर आले, तर सांगायला कुणी नाही. दोन महिने नकोत, आठच दिवस ठेवून घ्या. तेवढ्यात एक रविवार येतो, मला झोपायचंय.