रिबिल्ड

सर,

तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मीही आता श्रीरामपूरला इंग्रजीच शिकवते.

त्या वर्षी मी सोनईत आत्याकडे राहून आठवी करत होते. आईवडील ऊसतोडीला गेलेले. तुम्ही फळ्यावर ‘रिबिल्ड’ लिहिलंत, भूतकाळ ‘रिबिल्ट’ हे दोनदा घोकून घेतलंत आणि वाक्य करायला सांगितलंत. मी लिहिलं, ‘माय फादर रिबिल्ड्स अवर हाऊस एव्हरी इयर.’ तुम्ही वही हातात घेतलीत, तांबड्या शाईनं वाक्य खोडलंत. “आधीचं पडलं, जळलं, वाहून गेलं, तर रिबिल्ड. दरवर्षी कुणाचं घर पडतं गं?” वर्ग हसला.

“पडत न्हाई सर. आमीच मोडतो. उसाचा हंगाम सरून कारखाना बंद झाला की.”

“कसलं घर?”

“कोपी. बांबू आन् पाचटाची.”

“बस खाली,” एवढंच म्हणालात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही हजेरीच्या आधीच जाडजूड शब्दकोश टेबलावर ठेवलात. “काल मी हिचं वाक्य खोडलं. मोडलेलं पुन्हा उभं करणं म्हणजे रिबिल्ड. ते कुणी मोडलं, याच्याशी शब्दाला देणंघेणं नाही. वाक्य बरोबर होतं, चूक माझी.” मला आनंद झाल्याचं आठवत नाही. आपलं घर म्हणजे कोपी हे आता सगळ्या वर्गाला पक्कं कळलं, एवढंच वाटलं. तुम्ही काय केलंत ते समजायला मला स्वतःला खडू हातात घ्यावा लागला.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीनं लिहिलं, ऑपरेशननंतर माझी आई तिची ताकद ‘रिबिल्ड’ करते आहे. मी खोडलं. “ताकद काय विटांची असते?” असंही वर बोलले. पुढे दुसऱ्याच कशासाठी शब्दकोश उघडला, तर तिथं ताकद होती, विश्वास होता, मोडलेला संसारसुद्धा होता. तिचं वाक्य चोख होतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहिणं सोपं जातंय. त्या मुलीला मी काहीच सांगितलं नाही. चूक कळली तोवर वर्ष संपलं होतं, असं मी शिक्षकांच्या खोलीत एकदा म्हणाले. खरं तर दोन महिने बाकी होते, आणि ती रोज पहिल्या बाकावर बसत होती.