रुपीबाईचा फुलिया

यवतमाळ,
दि. ११ डिसेंबर १९६१

चि. कोकिळास लखीरामचे अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे. हे पत्र आधी तू एकटीने वाच. खाली पेन्सिलीने रेघ मारली आहे. तिच्यापुढचे याडीला वाचून दाखवू नकोस.

याडीने लेकीच्या, म्हणजे तुझ्या लग्नासाठी भरलेला फुलिया प्रदर्शनात अगदी पुढे टांगला होता. घागर घेताना डोक्यावरून मागे सोडायच्या कापडावर एवढे आरसे, एवढ्या कवड्या! लोक वाकून टाके पाहत होते. सुट्टीला घेऊन येतो.

――――

प्रदर्शन आमच्या कचेरीतल्या वकीलसाहेबांच्या मंडळी सुचित्राबाई यांनी भरवले. माझे अक्षर नीट म्हणून सगळ्या वस्तूंच्या चिठ्ठ्या त्यांनी मला लिहायला दिल्या. फुलियाच्या चिठ्ठीवर मी 'कारागीर : रुपीबाई' लिहिले आणि फाडले. ही तुझी आई का, असे कोणी विचारील याची भीती वाटली. कचेरीत मी तांड्यावरचा आहे हे सांगितलेले नाही. मग 'कारागीर : अज्ञात' लिहिले.

पहिले बक्षीस सतरा नंबरला, म्हणजे फुलियालाच मिळाले. कारागीर असल्यास पुढे यावे, असे दोनदा पुकारले. याडी तांड्यावरची फेटिया-काचळी घालून मागे बसली होती; तिला नंबर ठाऊक नव्हता. मी कचेरीतल्या लोकांत उभा होतो, तिच्याजवळ गेलो नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून तिनेही वाजवल्या. नंतर बाहेर तिने विचारले, कोणाला मिळाले? मी म्हणालो, झरी गावच्या एका बाईला.

तेव्हापासून घास उतरत नाही. एवढे वाचून माझ्यावर लोभ उरला, तर तो असू दे.

तुझा भाऊ,
लखीराम

तांडा, ता. राळेगाव,
दि. १६ डिसेंबर १९६१

ती. भियाले कोकिळाचा नमस्कार. पत्र भेटलं. रेघ दिसलीच नाही असं लिहिणार होती, पण घरात एकजण खोटं बोलला तेवढं पुरे. याडीले सगळं वाचून दाखवलं.

तिनं विचारलं, अज्ञात म्हणजे काय? मी सांगितलं, ज्याचं नाव कोणाले माहीत नाही तो. तर म्हणते, मंग पोरगा काहून रडून राह्यला? यवतमाळात मले कोण वळखते? अन् हासली. पण जेवली नाही.

काल तांड्याच्या नायकाच्या घरच्या धनीबाईनं बक्षिसाचं विचारलं. याडी म्हणाली, झरीच्या बाईले भेटलं. काय हात होता तिचा, आपल्याले नाही जमत. भिया, तुमचं खोटं आता याडी बोलून राह्यली, तुमची लाज झाकाले. तुम्ही खरं सांगत नाही तोवर तो फुलिया मी डोक्यावर घेणार नाही. झरीच्या बाईचा मी कायले घेऊ?

रागात लिहिलं, तरी जेवत जा.

कोकिळा

यवतमाळ,
दि. २० डिसेंबर १९६१

ती. याडीच्या पायांवर लखीरामचे डोके.

काल सुचित्राबाईंकडे जाऊन सांगितले, कारागीर माझी आई आहे. त्यांनी विचारले, त्या मागे बसल्या होत्या त्याच का? मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, आम्ही त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही हो, आणि तुम्ही तिथेच होतात. कचेरीतही आता कळले आहे. कोणी चिडवत नाही, ते जास्त जड जाते.

बक्षिसाची शाल त्यांनी माझ्याजवळ दिली आहे. रविवारी येतो. आधी नायकाच्या ओट्यावर, धनीबाईसमोर, झरीची बाई कोणी नव्हती हे मीच सांगतो. आता माझ्यासाठी तू खोटे बोलू नकोस. शाल घ्यायची की परत पाठवायची, ते माझे ऐकून झाल्यावर तू ठरव.

रागावली असशील तर रागावूनच भेट, पण भेट.

तुझा,
लखीराम