सामन्याआधीची थप्पड

प्रिय धाकटे,

या कागदांचे फोटो मावशीच्या फोनवर पाठवतेय. आपल्या घरातला फोन आधी बाबांच्या माणसांच्या हातून जातो आणि मग आपल्याकडे येतो, हे तुला वेगळं सांगायला नको. मावशीला म्हणावं, जरा बाजूला बस, आधी मला एकटीला वाचू दे. अक्षर वाकडं आलंय, कारण उजव्या हाताची बोटं सुजली आहेत आणि बर्फ आणून द्यायला इथे आई नाही. घाबरू नकोस, मोडलंबिडलं काही नाही. निदान माझं तरी नाही.

निघताना तू दारात आडवी उभी राहिलीस आणि बाबांना विचारलंस, माझी थप्पड कधी? उद्या तुझा पहिला सामना, आणि नेमके बाबा माझ्या सामन्यासाठी माझ्यासोबत परदेशी निघालेले. ते हसले, म्हणाले, पहिली मी स्वतः देणार, तोवर थांब. मग तू गाल फुगवून बसलीस. मला तुझा राग आला नाही. तुझ्या वयात मीही अशीच होते. टायरच्या दुकानावरच्या आपल्या बॉक्सिंगच्या हॉलमध्ये ज्या मुलीला रिंगमध्ये उतरण्याआधी बाबांची थप्पड मिळते तीच खरी, बाकीच्या नुसत्या उड्या मारायला येतात, असंच आपण समजत आलो. बाबा त्याला मारणं म्हणतच नाहीत, जाग आणणं म्हणतात. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला टेकून उभं राहायचं, हात खाली सोडायचे, डोळे उघडे ठेवायचे. एक सणसणीत बसली की झिणझिण्या उतरायच्या आत रिंगमध्ये जायचं आणि घंटा झाली की आधी डावा, मग उजवा. समोरची सावरायच्या आत तिचं नाक फुटलेलं असतं. माझ्या पहिल्याच सामन्यात ती मुलगी रडत खाली बसली होती, आठवतं? तू प्रेक्षकांत बाकावर चढून नाचत होतीस आणि काकांनी तुला खाली ओढलं होतं.

आज सकाळी आमचं पहिलं विमान इथे, मधल्या विमानतळावर उतरलं. पुढचं थेट रात्री. लवकरचं विमान मिळत होतं, पण बाबांनी मुद्दाम हेच घेतलं. अख्खा दिवस हातात मिळतोय, फुकट घालवायचा नाही म्हणाले. मला वाटलं, दुकानं बघू, तुझ्यासाठी काहीतरी घेऊ. कसलं काय! माझं वजन थोडं जास्त भरत होतं ना, ते उतरवायला त्यांना हा दिवस हवा होता. आतून प्लास्टिकचा सूट, त्यावर दोन स्वेटर, त्यावर बाबांचं जाकीट, असा माझा गोणपाट करून त्यांनी मला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. सरकत्या पट्ट्यावर लोक आरामात उभे राहून पुढे चालले होते आणि मी उलट दिशेने, जागच्या जागी, घाम गाळत. गार्डने हुसकावलं तेव्हा जिन्यावर. जिना संपला की दोरीच्या उड्या. अत्तराच्या दुकानातल्या बाईने मला बघून नाकाला रुमाल लावला. तोंडात च्युइंगगम आणि हातात बाटली, लाळ गिळायची नाही, थुंकायची. शेजारून एक कुटुंब आइस्क्रीम खात गेलं आणि मी त्यांच्याकडे असं बघितलं असेल की त्यातल्या आईने मुलीला जवळ ओढलं.

मधूनमधून वजन करायचं म्हणून बाबा मला हातातल्या सामानाच्या काट्यावर उभी करायचे. तिथली मुलगी आधी हसली, मग नाही म्हणाली, मग बाबांनी इतकं गोड बोलून तिला पटवलं की तिने तोंड फिरवलं. बाबांना हवं तेव्हा किती गोड बोलता येतं, तुला माहीत आहे. दुपारपर्यंत उतरवायचं वजन अर्ध्या किलोवर आलं होतं. माझ्या ओठांना भेगा पडल्या होत्या, पायात गोळे येत होते आणि डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. मी बाथरूमला जाते म्हणून गेले आणि नळाला तोंड लावलं. खूप प्याले नाही ग. चार घोट असतील. पण हनुवटी पुसायची राहिली.

बाबा दाराबाहेरच उभे होते. त्यांनी हनुवटीकडे बघितलं आणि सगळ्या खुर्च्यांवरच्या लोकांसमोर एक ठेवून दिली. डाव्या कानावर. आता हे तुला पहिल्यांदाच सांगतेय, आईलाही माहीत नाही. मला डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. तू मला मान वाकडी करून बोलते म्हणून चिडवतेस ना, ते त्यामुळे. तिसऱ्या का चौथ्या सामन्याआधी आतमध्ये काहीतरी फटकन झालं होतं, उशीवर थोडं रक्त आलं होतं. मी उशीचा अभ्रा स्वतः धुतला. सामना जिंकले होते, मग तक्रार कसली करायची.

तर थप्पड बसली. आणि इतकी वर्षं थप्पडीनंतर माझं शरीर जे करत आलंय तेच त्याने केलं. डावा हात माझ्या नकळत सुटला. बाबांच्या जबड्यावर बसला तेव्हा कुठे मला कळलं की समोर बाबा आहेत. इथे रिंग नाही, घंटा नाही, ग्लोव्ह्ज नाहीत. पोलिसांना, डॉक्टरांना, त्या काट्यावरच्या मुलीला, सगळ्यांना मी हेच सांगितलं की सवयीने हात गेला, मला कळलंच नाही. पण तुझ्याशी मी खोटं बोलणार नाही. पहिला हात सवयीने गेला. दुसरा मी मारला. ते मागे झोकांडले होते, त्यांचे हात खाली होते, मला विचार करायला हवा तेवढा वेळ होता, आणि मी पाय रोवून, कंबर फिरवून, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे उजवा मारला. हाड मोडल्याचा आवाज मला उजव्या कानाने स्वच्छ ऐकू आला. ते खुर्चीच्या लोखंडी दांड्यावर आपटून गुडघ्यांवर आले आणि मी त्यांची कॉलर धरून त्यांना उचललं, परत मारायला. परत मारलंही. किती ते विचारू नकोस. तिघाचौघांनी मला मागे खेचलं तेव्हा त्यांच्या तोंडातून रक्ताची तार लोंबत होती, एक दात माझ्या बुटाखाली आला होता आणि कुणाचं तरी लहान मूल जिवाच्या आकांताने ओरडत होतं. आणि धाकटे, मला बरं वाटत होतं. इतकं बरं मला एकाही सामन्यात वाटलं नव्हतं.

मग मला एका खोलीत नेलं. टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर काही नाही. समोर आपल्या मावशीच्या वयाची एक पोलीस बाई. तिने मला आधी पाण्याची बाटली दिली, मी ती हातात धरून बसले, पिऊ का ते मला कळेना. टेबलावरच्या फोनवर एक दुभाषी होती, कुठल्या गावातून बोलत होती देव जाणे, पण आपली भाषा छान बोलत होती. बाईने विचारलं, हा माणूस तुला याआधी कधी मारत होता का? आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, छे, आमच्या बाबांनी आमच्यावर कधी हात उगारला नाही. अगदी मनापासून म्हणाले. माझ्या गालावर पाच बोटं उठलेली आणि मी त्या बाईला बाबा किती प्रेमळ आहेत ते सांगतेय. ती माझ्या गालाकडे बघून म्हणाली, मग हे काय? मी म्हटलं, हे मारणं नाही, हे जाग आणणं, फक्त सामन्याआधी. दुभाषीने हे पुढे सांगितलंच नाही. मला वाटलं फोन कटला. मग तिने हळूच मला विचारलं, हे मी त्यांना कसं सांगू? कारण त्यांच्या भाषेत याला मारणंच म्हणतात, आणि माझ्या माहितीप्रमाणे आपल्याही.

मी त्या टेबलावर डोकं टेकून रडले. मार खाऊन कधी रडले नाही अशी रडले. आई दर सामन्याआधी फ्रीजमध्ये बर्फाचे ट्रे भरून ठेवते, त्याचं आपल्याला किती कौतुक होतं! तिने कधी विचारलं नाही की या मुलींचे गाल सामन्याच्या आधीच कसे सुजतात. मला आज तिचाही राग आला. नंतर तिची कीव आली, आणि मग पुन्हा राग. ते आपण भेटल्यावर बोलू.

बाबांनी तक्रार करायला नकार दिला, म्हणून पोलिसांनी मला सोडलं. मी ते पाणी प्याले. मग बाहेर येऊन भातासारखं काहीतरी होतं ते ताट भरून घेतलं, वर आइस्क्रीम खाल्लं, आणि परत येऊन स्वतःहून त्या सामानाच्या काट्यावर उभी राहिले. काट्यावरच्या मुलीने आकडा बघितला आणि या वेळी तोंड फिरवलं नाही, माझ्याकडे बघून हसली. या वजनाने मला तिकडे कुणी रिंगच्या जवळपास उभं करणार नाही. मी जिंकले असते तर बाबांचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि ते मला होऊ द्यायचं नव्हतं. परतीचं तिकीट बदलून घेतलंय, पण जागा मिळाली ती उद्याच्या विमानात. म्हणजे मी पोहोचेन तेव्हा तुझा सामना होऊन गेलेला असेल.

आता मी हे का लिहितेय ते ऐक. इस्पितळात हलवण्यापूर्वी पोलिसांनी मला बाबांना भेटू दिलं. जबडा पट्ट्यांनी बांधलेला, एक डोळा मिटलेला. मला वाटलं ते तोंड फिरवतील, रडतील, शिवी द्यायला धडपडतील. मी सगळ्याची तयारी करून गेले होते. पण त्यांनी माझा सुजलेला हात हातात घेतला, बोटं चाचपून बघितली, आणि अंगठा वर केला. त्यांचा डोळा आनंदाने भरून आला होता, धाकटे. त्यांना वाटतंय त्यांची थप्पड लागू पडली. मग त्यांनी हाताने तुझी उंची दाखवली, तळहात हवेत सपकन फिरवला, आणि माझ्यासमोर काकांना फोनवर मेसेज लिहिला. मी वाचलाय तो. काका तर बाबा म्हणतील ती पूर्व दिशा मानणारे. उद्या कपडे बदलायच्या खोलीत ते तुझ्यापुढे येऊन उभे राहतील, आणि तुला वाटेल की आता आपणही खऱ्या झालो. जाऊ नकोस. सामना सोड. आजच मावशीकडे राहायला जा आणि मी येईपर्यंत तिथून हलू नकोस. काका मागे आले तर उलटून मारूही नकोस, कारण मी मारून बघितलंय आणि ते किती आवडतं ते मला कळलंय, तुला कळायला नको. सगळे तुला पळपुटी म्हणतील, म्हणू देत. मी येतेय. तोवर तुझ्या गालाला कुणाला हात लावू देऊ नकोस.

तुझीच,
ताई