सूनबाईचं औषध

प्रिय वन्सं,

ही हाक वाचून तुझ्या कपाळावर आठी पडली असणार, ती मला इथे बसून दिसतेय. पडू दे. हॉस्टेलच्या एका खोलीत राहून तुझे ओले टॉवेल माझ्या खुर्चीवरून उचलत होते, तेव्हा तू माझी नुसती मैत्रीण होतीस. मग स्वतःच्या भावाचं स्थळ माझ्या गळ्यात मारलंस आणि आयती नणंद झालीस. सगळं तुझंच कर्तृत्व. आता भोग आपल्या कर्माची फळं.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मध्येच तुला खोकला येतो, मी घाबरते, मग तूच माझी समजूत घालत बसतेस आणि मुद्दा राहतो बाजूला. परवा तू तुझ्या दादाला सांगितलंस की डॉक्टरीणबाईंना तू ‘नाही’ म्हणून कळवलंयस, आमच्या नवीन औषधाच्या चाचणीत तुला जायचं नाही. मला सांगितलं नाहीस, त्याला सांगितलंस. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तेव्हा हे माझ्या कानावर यावं अशीच तुझी इच्छा होती, असं मी धरून चालते. तो फोन ठेवून आला, चष्मा पुसत बसला आणि अर्ध्या तासाने म्हणाला की आज भाजीत मीठ जास्त आहे. भाजी त्यानेच केली होती.

माझी आणि बुरशीची पहिली भेट तुझ्यासमोर झाली, आठवतंय? खिडकीत विसरलेल्या पावाला हिरवी लव आली होती. तू नाक दाबून तो फेकायला निघालीस आणि मी तुझ्या हातातून हिसकावला. एका कडेला कुंडीतली माती लागली होती आणि नेमकी तेवढ्या जागी बुरशी चढलेली नव्हती. मी तो पाव बशीत घालून रोज बघत बसायचे आणि तू मजलाभर सांगत फिरलीस की हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. पुढे तू जुनी पुस्तकं दुरुस्त करायच्या कामाला लागलीस. ओलीने फुगलेली, डाग पडलेली पानं एकेक सोडवून मऊ ब्रशने झाडायचीस. मी चिडवायचे की शेवटी तूही बुरशीच्याच घरी चाकरीला राहिलीस. लहानपणच्या क्षयाने तुझ्या फुप्फुसात एक पोकळी ठेवली होती. रिकामी खोली बघून बुरशी तिथे बिऱ्हाड थाटेल, हे तेव्हा दोघींच्याही मनात आलं नाही. आलं असतं तर मी तुला त्या जुन्या पुस्तकांच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नसतं, आणि तू माझं ऐकलं नसतंस.

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत आहे, तुला माहीत आहे. रजेवरून येणाऱ्याने खाऊ नाही आणला तरी चालतं, चमचाभर माती आणायचीच. कुणी नदीकाठची आणतं, कुणी शाळेच्या मैदानातली. मातीत डोळ्यांना न दिसणारे इतके जीव असतात आणि जागेवरून त्यांची इतकी भांडणं चालतात की विचारू नकोस. बुरशी अंगावर आली की त्यातले काही जिवाणू तिच्यासाठी विष तयार करतात. ते विष वेगळं काढलं, धुऊन-गाळून शुद्ध केलं, की माणसाचं औषध. आमचा जिवाणू कुठल्या जंगलात सापडला म्हणून लोक मला विचारतात. कसलं जंगल! तुझ्या दादाने प्रेमाने पाणी घालून घालून जे झाड मारलं, त्याच्या मुळाशी सापडला. त्या वर्षी रजा घेऊन मी घरीच बसले होते, मग कुंडीतलीच माती नेली. त्याला अजून वाटतं की या शोधात त्याचा मोठा वाटा आहे.

पण त्या जिवाणूचं विष जसंच्या तसं चालण्यासारखं नव्हतं. बुरशीच्या अंगात एक चरबी असते, तिला पकडून ते बुरशीला भोकं पाडतं. माणसाच्या अंगात तिच्याच तोंडवळ्याची दुसरी चरबी असते. विषाला दोघींतला फरक कळत नाही, आणि त्यात मूत्रपिंडं भरडली जातात. तुला सलाइनमधून दिलेलं जुनं औषध याच कुळातलं. गोळ्या लागू पडेनाशा झाल्या, मग ते चालू केलं, आणि खोकल्यातलं रक्त थांबलं म्हणून आपण किती खूश झालो होतो. मग तुझे पाय सुजले. पलंगाच्या कडेला बसून तू चपलेत पाय घालायचा प्रयत्न करत होतीस आणि पाय जात नव्हता. तू माझ्याकडे बघून म्हणालीस की चपलाच आखडल्यात. त्या आठवड्यात मी कामावर जाऊन काहीच केलं नाही. जिवाणू वाढवायच्या टाक्यांसमोर नुसती उभी राहायचे.

म्हणून तर सूनबाई आणली. दुसऱ्या एका जिवाणूतला एक जीन काढून आम्ही आमच्या जिवाणूत घातला. तो जीन विषाच्या रेणूचा एक कोपरा बदलतो, मग त्या रेणूला बुरशी तेवढी ओळखता येते आणि माणसाला तो बराचसा सोडून देतो. परक्या घरातून आलेली, रुळायला वेळ घेणारी, आणि रुळली की घराचं वळण बदलणारी, म्हणून या नव्या जिवाणूचं नाव सूनबाई पडलं. तीही सुरुवातीला वरचेवर माहेरी पळायची, म्हणजे पिढ्या वाढवत गेलं की घातलेला जीन टाकून द्यायची. समजुती काढून काढून टिकवली.

मग ते पाहुण्यांचं प्रकरण. बाहेरून मोठी मंडळी टाकी बघायला येणार होती. आमच्या साहेबांना टाकीतलं पाणी फार पातळ दिसलं. पाहुण्यांना काहीतरी भरघोस दिसायला हवं म्हणून त्यांनी सूनबाईचा खुराक वाढवायला सांगितला. साखर वाढवली, प्रथिनं वाढवली. काय वाढली बाई! टाकीत भिजवलेल्या पिठासारखं दाट झालं, वास असा की नुकतीच खणलेली कुंडी. पाहुणे वाकून वाकून बघून खूश. दुसऱ्या दिवशी त्यातला थेंब बुरशीच्या बशीत घातला. एरवी थेंबाभोवती बुरशी मरून बटणाएवढं मोकळं वर्तुळ पडतं. या वेळी बुरशी थेंबावरूनच चालत गेली. औषधाचा पत्ता नाही. आठवडाभर आम्ही हवा तपासली, पाणी तपासलं, एकमेकांना तपासलं. पोट भरलं की हे जीव विष करत नाहीत, अन्न तुटायला लागलं की मगच करतात. हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं, आणि तरी साहेबांच्या पाहुण्यांपुढे एकाचंही तोंड उघडलं नाही. तुला सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की तुझा दादा पाणी घेऊन धावला. तुझं तसं हसणं ऐकून किती दिवस झाले.

आता नियमाचं बोलते. औषध बनवणाऱ्या माणसाचं जवळचं नातलग चाचणीत असेल, तर दोघांपैकी एकाने बाहेर पडायचं. हा नियम बैठकीत मीच हट्टाने घालायला लावला. लोक म्हणाले, इतकं कशाला ताणता. मी म्हटलं, आपल्या माणसाच्या रिपोर्टातले आकडे बघताना माझी नजर सरळ राहील याची मलाच खात्री नाही, तर लोकांनी का विश्वास ठेवावा? तेच आजही म्हणते. तुझा आकडा समोर आला तर मी तो सतरांदा पुसून बघेन. नियम बरोबर आहे. तो कधी आपल्याच दारात येऊन उभा राहील, एवढाच विचार केला नव्हता.

आणि तू ठरवून टाकलंस की बाहेर तू पडणार. दादाला म्हणालीस म्हणे, “वहिनीची अकरा वर्षं मी माझ्यासाठी मातीत घालणार नाही.” अगं वेडाबाई, ती मातीतूनच काढलेली आहेत. मला राग आला तो याचा नाही. राग याचा आला की डॉक्टरीणबाईंनी तुला स्पष्ट सांगितलंय, जुनं औषध आता देता येणार नाही आणि बुरशी वाढतेय. ते ऐकूनही तू माझ्या नोकरीचा हिशेब करत बसलीस. तुझ्याशिवाय मी त्या यशाचं काय लोणचं घालू?

खोटं सांगणार नाही, तुला ते कळतंच. औषध तुला लागू पडेल याची हमी मी देऊ शकत नाही. उंदरांत चाललं, धडधाकट माणसांना दिलं तेव्हा त्यांची मूत्रपिंडं शाबूत राहिली, एवढं पक्कं. आजारी माणसांत ते किती चालेल हे कुणालाच माहीत नाही, म्हणून तर चाचणी. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित एखादा नवीनच त्रास निघेल. डॉक्टरीणबाईंना सगळं खोदून खोदून विचार, पुस्तकाचं एकेक पान सोडवतेस तसं. आणि एवढं करून तुला स्वतःलाच नको वाटलं, तर मी एक शब्द बोलणार नाही. रडेन, पण बोलणार नाही. फक्त माझं नाव पुढे करून नाही म्हणू नकोस.

कारण ते नाव आता तिथे नाही. आज दुपारी मी राजीनामा दिला आणि सूनबाईला साहेबांच्या ताब्यात देऊन आले. साहेब म्हणाले, बाई, थोडं थांबा, आधी नणंदेला विचारून घ्या. मी म्हटलं, विचारलं की ती नाही म्हणते, म्हणूनच न विचारता आले. परत घेतील का, तर नाही. तोही नियम माझाच. पुढच्या महिन्यापासून समोरच्या इमारतीत बटाट्याच्या कुजीवर काम करणार आहे. पगार कमी, पण बटाटे उलट बोलत नाहीत. तेव्हा तू नाही म्हणालीस तरी मला काही परत मिळणार नाही, आणि तुझी जागा मात्र शुक्रवारपर्यंत राखून ठेवलीय, डॉक्टरीणबाईंनी मला तसा शब्द दिलाय. या वेडेपणाबद्दल माझ्याशी खूप भांडायचं असेल ना तुला? ये मग चाचणीला. मी रोज संध्याकाळी तुझ्या पलंगाशेजारी बसायला मोकळी आहे, आता मला कुठलाच नियम अडवत नाही.

तुझीच,
खोलीतली ती डोक्यावर परिणाम झालेली