पोर्तुगालसाठी तिसरा

२ फेब्रुवारी
पुण्यात पोचलो, आणि चक्क मनासारखं घर मिळालं! वारज्यात, आतल्या शांत गल्लीत रो-हाउस. वरची खोली माझी. खिडकीतून टेकडी दिसते, गच्चीत गेलं की लांबवर हायवेवरच्या गाड्यांची रांग. मालक अनंतराव देवस्थळी शाळेत भूगोल शिकवायचे. जिन्यात त्यांच्या हातची पाटी आहे: ‘कठडा धरण्यासाठी आहे, टॉवेल वाळवण्यासाठी नाही.’ आईला फोनवर सांगितलं तर बार्शीत बसून खूप हसली.

जयाकाकूंनी आल्या आल्या थालीपीठ दिलं. खाताना ताटाखाली काय आहे म्हणून पाहिलं तर पोर्तुगालचा नकाशा! मे महिन्यात सहलीला जाणार आहेत दोघं. काका म्हणाले, टेबलावर नकाशाच असतो, ताटं तात्पुरती.

उद्यापासून कर्वेनगरच्या क्लिनिकमध्ये रुजू व्हायचं. लोकांचे कान तपासायचे, श्रवणयंत्रं बसवायची.

९ फेब्रुवारी
आजचा रविवार सहलीच्या आखणीत गेला. मजा आली. काका लिस्बनच्या ट्रामबद्दल असं सांगतात, जसं कुणी स्वारगेटच्या बसबद्दल सांगावं. काकूंची काळजी वेगळी, तिकडे सगळीकडे मासे, मग आपण काय खायचं? मेतकूट, दाण्याची चटणी आणि गूळपोळ्या न्यायचं ठरलं. लिस्बननंतर सिंत्रा, मग दक्षिणेचा किनारा. किनाऱ्यावरचं एक गाव काका नावानं सांगत नाहीत, नुसतं ‘शेवटचं ठिकाण’ म्हणतात. त्यांचा मुलगा सलिल तिथेच असतो. यंदा त्याला घरी आणायचं आहे.

मी म्हटलं, मी आजवर फक्त अलिबागचा समुद्र पाहिलाय. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग काकू म्हणाल्या, “अरे, मग तूच चल की आमच्याबरोबर!”

मी हसण्यावारी नेलं. त्या हसल्या नाहीत.

२३ फेब्रुवारी
हो म्हणून बसलोय. दुबईच्या नोकरीच्या आशेनं काढलेला पासपोर्ट नुसता पडून होता. काकांना ऐकू कमी येतं, काकूंचे गुडघे दुखतात, सोबतीला कुणीतरी तरुण हवंच. त्यात मीच काकांना श्रवणयंत्र बसवून दिलं, तेव्हापासून मला घरचाच मानतात. आईनंही जा म्हणून सांगितलं. म्हणाली, देवमाणसं भेटली तुला.

काकूंनी लक्ष्मी रोडवरून माझ्यासाठी बूट आणले. मला आठ नंबर लागतो हे सांगितलं होतं, तरी नऊ नंबरचे आणलेत. ढिले होतात म्हटलं तर म्हणाल्या, होतील हं नीट.

१ मार्च
शेजारच्या शर्मिलाताई कुंड्यांना पाणी घालत होत्या. मला बघून विचारलं, “यंदाही पोर्तुगाल का?” मी म्हटलं, यंदाही म्हणजे? त्या म्हणाल्या, दरवर्षी जातात. मागच्या वर्षी वरच्या खोलीतल्या मुलाला घेऊन गेले होते. मग माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तो बुटका होता. तुम्ही बरे उंच आहात.”

तो मुलगा आता कुठे असतो, असं विचारलं. “परत आलेला पाहिला नाही. आणि आम्ही दुसऱ्यांच्या घरच्या चौकशा करत नाही,” असं म्हणून त्यांनी नळ बंद केला.

२ मार्च
काकांना सरळच विचारलं, मागच्या वर्षी कोण होतं बरोबर? नकाशावरून नजर न काढता ते म्हणाले, होता एक, पण त्याचं काही जमलं नाही. काय जमलं नाही, ते सांगितलं नाही. काकू मध्येच कारल्याची भाजी वाढत राहिल्या. मी लहानपणापासून कारलं तोंडात घेतलेलं नाही. आज दोनदा मागून घेतलं. खाऊन झाल्यावर लक्षात आलं.

सलिल तिकडे काय करतो, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्याचा कधी फोनही येत नाही.

१५ मार्च
काका मला त्यांच्या ओळखीच्या न्हाव्याकडे घेऊन गेले. भांग दुसऱ्या बाजूला पाडायला सांगितला. मी विरोध का केला नाही, कळत नाही. घरी आल्यावर काकूंनी दारातच माझ्या गालावर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.

बूट आज सहज घालून पाहिले. बरोबर बसतात. नुसते बसत नाहीत, अंगठ्याला किंचित टोचतात.

२९ मार्च
क्लिनिकमधल्या यंत्रावर दर महिन्याला मी माझा आवाज रेकॉर्ड करून ठेवतो, ध्वनी नीट नोंदला जातोय का ते तपासायला. आज माझ्याबरोबर काम करणाऱ्या आमोदनं फेब्रुवारीचा आणि आजचा लागोपाठ लावला. म्हणाला, गंमत करू नकोस, हा दुसरा कुणाचा आहे?

माझं रोजचं कामच ऐकण्याचं. माझी चूक होणार नाही. दुसरा आवाज माझा नाही. सानुनासिक आहे. ‘च’ पुणेरी आहे.

घर सोडायचं ठरवलं. खाली सांगायला गेलो. काकूंनी ताट वाढून ठेवलं होतं. जेवलो. सांगायचं राहिलं.

८ एप्रिल
व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले. काका बाहेर बाकावर बसून होते. माझा पासपोर्ट त्यांच्याच शबनम पिशवीत असतो.

१७ एप्रिल
ठसे पुन्हा द्यायला बोलावलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, सर, आधीच्या व्हिसाचा उल्लेख का केला नाहीत? मी म्हटलं, मी साध्या विमानातही बसलेलो नाही. ती म्हणाली, पण बोटं तुमचीच आहेत. चार वर्षांपूर्वी तुम्ही पोर्तुगालला गेला होतात, सलिल अनंत देवस्थळी या नावानं. परत आल्याची नोंद नाही.

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. भांग उजवीकडे. बाकी आज सकाळी आरशात दिसलेला चेहरा —

मी काही बोलायच्या आत काका मागे येऊन उभे होते. त्यांनी तिला शांतपणे सांगितलं, मशीनचा घोटाळा असेल, पुन्हा अर्ज करू.

१८ एप्रिल
काकूंनी सगळं सांगितलं. वाटाणे सोलता सोलता.

चार वर्षांपूर्वी त्या शेवटच्या ठिकाणी सलिल पोहायला गेला आणि बुडाला. प्रेत मिळालं नाही. पुढच्या वर्षी ही दोघं दिवा सोडायला गेली तर तो पाण्यात उभा. कमरेइतक्या पाण्यात. पुढे येईना. म्हणाला, मी बाहेर यायचं तर माझ्या जागेवर मीच असायला हवा, दुसरा चालत नाही. मागच्या वर्षीचा मुलगा समुद्रानं लगेच बाहेर टाकला. “नुसता अंगरखा घालून सलिल होता येत नाही रे,” काकू म्हणाल्या. “मुळापासून व्हावं लागतं. तुझं किती छान होतंय.”

मी म्हटलं, मलाही आई आहे.

त्या म्हणाल्या, हो ना, म्हणूनच वाईट वाटतं.

१९ एप्रिल
पहाटेच्या गाडीनं बार्शी. दार आईनंच उघडलं. गळ्यात शिवणकामाची टेप. माझ्याकडे बघून पदर सारखा केला. “कोण पायजे ओ तुमाला?”

आई, मी सौमित्र, म्हणालो. ती म्हणाली, त्याचे दोस्त का? तो पुण्याला असतोय. बसा, चा घेऊन जावा.

मी तिला सगळं सांगितलं. वडील गेले तो दिवस, माझं टायफॉइड, विहिरीवरची गोष्ट. ती घाबरत गेली. मी तिचा हात धरला तर ओरडली. शेजारची माणसं धावून आली.

दुपारी काका गाडी घेऊन हजर. मुलाच्या डोक्यावर परिणाम झालाय, म्हणाले. आईनं डोळे पुसले. माझ्या आईनं. मला गाडीत बसवून दिलं, खिडकीतून डब्यात घालून दशम्या दिल्या, आणि काकांना म्हणाली, “बिचाऱ्याला नीट न्या. कुणाचं तरी लेकरू हाय.”

४ मे
व्हिसा झाला. कसा झाला ते विचारलं नाही. मोबाइल काकांकडे. क्लिनिकला गेलेलो नाही. आमोद एकदा येऊन गेला, खाली काकूंना विचारत होता सौमित्र कुठे गेला. मी जिन्यातच उभा होतो. मला ‘एक्सक्यूज मी’ म्हणाला.

११ मे
आज निघायचं होतं. बॅगा दारात, टॅक्सी उभी. आणि काकू खालच्या पायरीवर बसल्या. नाही म्हणाल्या. माझा मुलगा घरात आहे, मी त्याला कशाला बुडवू?

काका पहिल्यांदाच ओरडले. हा तो नाही जया. तो वाट बघतोय.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, आता एकच शब्द मला वाचवू शकतो. बार्शीची आई डोळ्यांपुढे होती. तरी म्हणालो.

“आई.”

टॅक्सी परत गेली.

१४ मे
काका सारखे दारं-खिडक्या तपासतात. आज जेवताना एवढंच म्हणाले, आपण गेलो नाही तर तो येईल. आणि चार वर्षं पाण्यात राहिलेलं जे काही येईल, ते सलिल असेलच असं नाही.

काकूंना हे ऐकायचं नाही. मला भरवतात.

१६ मे
सकाळी फाटकापासून दारापर्यंत ओलं. खारट वास. शर्मिलाताईंनी कुंपणावरून विचारलं, टाकी वाहतेय का तुमची?

काका मधल्या वेळात बाहेर गेले ते अजून —

१७ मे
काका आलेले नाहीत. फाटकापाशी त्यांचं श्रवणयंत्र पडलं होतं. आत पाणी.

१७ मे, दुपार
बेल. खाली काकू एकट्या. मी वर, कडी लावून.

बाहेरून “आई” अशी हाक. माझाच आवाज. म्हणजे आताचा माझा. पण ऐकतोय नीट — बोलताना मध्ये श्वास नाही. कुठेच नाही. जिवंत माणूस असं —

मी ओरडलो, आई, उघडू नकोस. तो बाहेरून म्हणाला, आई, वर आहे तो मी नाही.

ती थांबली. मग कडी. दार. ती रडतेय — की हसतेय —

आता जिना. तिची पावलं, गुडघ्यामुळे एक जड एक हलकं. मागे दुसरी. ओली.

माझ्या दाराशी आली. हळूच टकटक. किती मायेनं बोलतेय. म्हणतेय, सौमित्र, दार उघड रे.

सौमित्र म्हणाली. किती दिवसांनी मला कुणी माझ्या ना